भेटायला नाही, बसायला

फोनवर मुलगा म्हणाला, "आई, इथं कुणी कुणाला भेटायला येत नाही. बसायला येतात."

बसायला म्हणजे काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, बसायला म्हणजे बसायला, भिंतीकडे तोंड करून. मग मागे कुठेतरी घंटा वाजली आणि त्यानं फोन ठेवला. त्यानंतरचे माझे फोन त्यानं उचलले नाहीत. त्याचं चुकत होतं असंही मला म्हणता येत नाही. त्याआधी फोन लागला की मी रडायचे, आणि माझं रडणं ऐकून त्याचे बाबा आतल्या खोलीतून काहीतरी बोलायचे. ते त्याला ऐकू जायचं.

तो नोएडाच्या एका कंपनीत होता. चांगली नोकरी होती, न्यायला-आणायला गाडी होती. ऑफिसातल्या कुणाबरोबर तरी तो एका रविवारी ध्यानाला गेला. मग दर रविवारी जायला लागला. मग रोज सकाळी स्वतःच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. तोवर मला काही वाटलं नाही. दारू पीत नाही, सिगरेट ओढत नाही, बसतो तर बसू दे, असं मीच ह्यांना म्हणाले. पुढे एक दिवस त्यानं सांगितलं की नोकरी सोडली. दक्षिण दिल्लीत एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर झेन नावाचं जपानी ध्यान शिकवतात, तिथंच तो राहणार होता. झाडलोट करणार, स्वयंपाकाला मदत करणार आणि उरलेला वेळ बसणार.

ह्यांनी आधी चेष्टा केली. "झेन तर गाडी होती. आमच्या साहेबांकडे होती, मरून रंगाची."

कुणी हसलं नाही. मग म्हणाले, "भिंतीकडे तोंड करून बसणारे आमच्या ऑफिसातही होते. पण ते पगार घेऊन बसायचे."

"बाबा, यार, तुम्ही ऐकून तर घ्या."

"यार कोणाला म्हणतोस?"

तिथून ते वाढत गेलं. बोलू नये ते दोघंही बोलले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात कणीक तशीच. शेवटी त्यानं सांगितलं की हिवाळा संपला की तो जपानला जाणार आहे, तिथल्या एका मठात. किती वर्षांसाठी, असं मी विचारलं. ते आधी सांगत नाहीत म्हणाला. तिथं फोन असतो का? नव्या माणसाला नसतो. मग परत कधी येशील? ह्यावर तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. तेव्हा मला समजलं.

तो आमचा एकुलता एक. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला. ह्यांची नोकरी केंद्र सरकारची, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये तो लहानाचा मोठा झाला. तिथं शेजारी कुणी तमिळ, कुणी बिहारी, कुणी पंजाबी. त्यांच्या बायका एकमेकींच्या घरी जायच्या, बाजारात एकत्र जायच्या. मी चौथीपर्यंत शिकलेली, गावाकडून थेट दिल्लीत आलेली. माझं हिंदी आजही भाजीवाल्यापुरतं आहे. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवालासुद्धा मी स्वयंपाकघराच्या दाराजवळ बसते, म्हणजे कुणी काही विचारलं तर आत जायला बरं. मुलगा शाळेत जायला लागल्यापासून बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या मीटिंगला, सगळीकडे माझ्या वतीनं तोच बोलायचा. "आई म्हणतेय की," अशी सुरुवात करायचा आणि मी न म्हटलेलंही नीट सांगायचा. ह्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही गाझियाबादला फ्लॅटमध्ये आलो, तरी ते तसंच चालू होतं.

तो गेला आणि माझ्या वतीनं बोलणारं कुणी उरलं नाही. पण माझं दुःख ते नव्हतं. मला फक्त एवढंच पाहिजे होतं की त्यानं जाऊ नये. तो समोर आला, जेवायला बसला, तर मी त्याला अडवू शकेन असं माझ्या मनानं घेतलं होतं. पण समोर यायला तो भेटत नव्हता. भेटायला येता येत नाही, बसायला येता येतं. मग मी ठरवलं की बसायला जायचं. बोलायचं असतं तर माझी हिंमत झाली नसती. बसायला काय, ते मला येतं.

ह्यांना विचारलं तर पेपर खाली न करता म्हणाले, "जा. दोघं मिळून भिंत बघा. रंग लावायचा असेल तर तेही विचारून ये." पण रविवारी सकाळी मेट्रो स्टेशनपर्यंत आले. काश्मिरी गेटला उतरायचं, पिवळी लाइन पकडायची, डबा पुढचा, बायकांचा. दोनदा माझ्याकडून म्हणून घेतलं. मी आत गेले तरी मशीनच्या पलीकडे उभेच होते.

बंगल्याच्या जिन्यात चपलांची मांडणी होती. त्यात मला त्याच्या चपला लगेच दिसल्या, डाव्या पायाची टाच बाहेरून झिजलेली. लहानपणापासून तो तसाच चालतो. मी माझ्या चपला त्यांच्याशेजारी ठेवल्या. वर मोठी खोली होती, लाकडी जमिनीची. भिंतीच्या कडेनं पानिपतच्या जाड सतरंज्या टाकलेल्या आणि त्यांवर काळ्या गोल उशा. दारात एक इंग्रजी पाटी होती, ती मला वाचता आली नाही. मी वाचल्यासारखं केलं.

तो आतून आला. डोक्याचे केस मशीननं अगदी बारीक केलेले, करड्या रंगाचा झब्बा. गालाची हाडं वर आली होती. मला बघून तो क्षणभर थांबला. मग बाकीच्यांना जोडले तसे माझ्यापुढे हात जोडून वाकला आणि पुढे गेला. मी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. खोलीत कुणी बोलत नव्हतं.

तिथं शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. पांढरे केस बारीक कापलेले, आवाज हळू. सगळे त्यांना दीदी म्हणत. त्यांनी आम्हा नव्या लोकांना नियम इंग्रजीतून सांगितले, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून थोडेसे हिंदीतून. उशीपुढे वाकायचं. मांडी घालून बसायचं. पाठ ताठ, हनुवटी किंचित आत. डाव्या हाताचा पंजा उजव्यावर, अंगठ्यांची टोकं एकमेकांना जेमतेम लागलेली. डोळे मिटायचे नाहीत, अर्धे उघडे ठेवून खाली भिंतीकडे बघायचं. आणि श्वास मोजायचा, एकपासून दहापर्यंत. मन दुसरीकडे गेलं की रागवायचं नाही, पुन्हा एकपासून सुरू करायचं. दहा झाले की परत एक. पुढे काय, असं एका मुलीनं विचारलं. दीदी म्हणाल्या, पुढे काही नाही.

मला वाटलं होतं ध्यान म्हणजे डोळे मिटून देव आठवायचा. इथं तर डोळे उघडे, आणि समोर चुन्याची भिंत. माझ्या भिंतीवर एक पोपडा सुटलेला होता, कानाच्या आकाराचा. मी मोजायला लागले. एक. दोन. तीनपर्यंत कधी गेले, कधी नाही. तो माझ्या मागे कुठेतरी, दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याच्या श्वासाचा आवाज इतक्या लोकांत मला ओळखू येतो का, ते मी ऐकत होते. मी त्याचेच श्वास मोजायला गेले होते, आणि ते मला सापडत नव्हते.

बैठक झाली की सगळ्यांनी एकामागून एक खोलीत हळू चालायचं, अर्ध्या पावलानं. त्या दिवशी नशिबानं मी त्याच्या मागे आले. मान खाली घालून चालायचं होतं, म्हणून मला त्याच्या टाचा दिसत होत्या. दिल्लीची थंडी नुकती पडायला लागली होती आणि टाचांना भेगा गेल्या होत्या, एकीतून रक्त येऊन वाळलेलं. घरी मी त्याला रात्री मोजे घातल्याशिवाय झोपू देत नसे. हात पुढे केला असता तर पोचला असता. मी टाचांकडे बघत चालत राहिले आणि घंटी वाजली.

पुढच्या वेळी मी बेसनाचे लाडू करून नेले, त्याच्यासाठी, आणि डब्यात वर कोकमाच्या तेलाचा गोळा कागदात बांधून ठेवला, टाचांना लावायला. जिन्यात तो भेटला तेव्हा डबा पुढे केला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, वाकला आणि आत नेऊन दिला. चहाच्या वेळी लाडू ताटलीतून सगळ्यांपुढे फिरले. एका सरदारजींनी डोळे मिटून खाल्ला. त्याच्यापर्यंत ताटली आली तेव्हा त्यानं एक लाडू मोडून अर्धा घेतला आणि अर्धा परत ठेवला. कोकमाचा गोळा मोरीपाशी ठेवलेला मला नंतर दिसला, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा म्हणून. तिथं कुठलीच गोष्ट एकट्या माणसाची नव्हती.

बैठक चालू असताना दीदी कधी कधी हातात एक लांब चपटी काठी धरून सगळ्यांच्या मागून फिरायच्या. खिडकी आमच्या पाठीशी होती, त्यामुळे त्यांची सावली समोरच्या भिंतीवरून सरकत यायची. पहिल्यांदा सावली माझ्या भिंतीवर आली तेव्हा मी मांडीतले हात उचलून जोडले. एवढी मोठी बाई मागून चालली आहे, शिकवणारी आहे, आपण नुसतं कसं बसून राहायचं. सावली थांबली. काठीचं टोक माझ्या उजव्या खांद्याला लागलं, आणि मग फाडकन काठी बसली. मी हादरून गेले. त्या मात्र माझ्यामागे वाकल्याचं सावलीत दिसलं, आणि पुढे गेल्या.

खांदा फार दुखला असं नाही. पण मला कुणी मारण्याचं वय उलटून किती वर्षं झाली. मी मनात शोधलं की माझं काय चुकलं. आणि मला वाटलं, दीदींना कळलं आहे. मी ध्यानाला आलेली नाही, मुलाला न्यायला आले आहे, आणि त्यांना ते नुसत्या माझ्या पाठीकडे बघूनही दिसलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. सावली आली, मी घाबरून हात जोडले, काठी बसली. नंतरच्याही वेळी. आता मी लांबूनच हात जोडायला लागले, की माफ करा, मला इथं राहू द्या. जितकी मी घाबरून हात जोडी तितका मार बसे. घरी मी हे सांगितलं नाही. ह्यांनी पोलिसात जायचं म्हटलं असतं.

एकेकाला दीदींच्या छोट्या खोलीत समोरासमोर बसून बोलायलाही जावं लागे. मला ते बोलावणं म्हणजे फासावर जाण्यासारखं वाटायचं. आत गेले की त्या विचारायच्या, "आप किसलिए बैठती हैं?" बाकीचे काय सांगत असतील त्याचा अंदाज करून मी म्हणायचे, "मन की शांति के लिए." त्या हातातली छोटी घंटी वाजवायच्या, म्हणजे झालं, जा. प्रत्येक वेळी तेच. एकदा माझ्या तोंडून शांती हा शब्द निघेना. मी मराठीतच म्हणाले, "माझा मुलगा आहे तो. त्याला नेऊ नका." दीदींना शब्द कळले की नाही देव जाणे, अर्थ कळला. त्या म्हणाल्या की मी कुणाला नेत नाही आणि कुणाला ठेवतही नाही. मग म्हणाल्या की आज तुम्ही खरं बोललात, आता हेच घेऊन बसा, शांती वगैरे राहू द्या. ह्या वेळी त्यांनी घंटी वाजवली नाही, मीच उठून आले.

त्याच दिवशी चहाचे कप धुताना तो माझ्याशेजारी उभा राहिला. किती महिन्यांनी तो माझ्याशी बोलला. हळूच, नळाच्या आवाजात.

"आई, तू काठीच्या वेळी हात का जोडतेस?"

"मोठं माणूस मागून गेलं तर हात जोडू नये?"

त्यानं हातातला कप खाली ठेवला. "आई, यार, हात जोडणं म्हणजे काठी मागणं. झोप येत असेल, खांदे आखडले असतील तर माणूस हात जोडतो, मग देतात. न मागता कुणाला मारत नाहीत. दीदी म्हणत होत्या, ह्या बाईंना काठी फार आवडते."

आणि तो हसला. खांदे हलेपर्यंत, तोंडावर मनगट धरून, लहान असताना हसायचा तसा. मीही हसले. हसताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते साबणाच्या हातानं पुसलं. घरी येताना मेट्रोत मी सारखी तेच आठवत होते. हसला म्हणजे अजून माझाच आहे. हसला म्हणजे येईल. त्या रात्री ह्यांना मी सांगितलं की तो येणार बहुतेक. ह्यांनी विचारलं, तसं म्हणाला का? मी म्हटलं, म्हणाला नाही, पण येणार.

थंडी कमी होत गेली. त्याचा व्हिसा आला हे मला दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यातून कळलं. चहाच्या वेळी सरदारजींनी त्याचं अभिनंदन केलं आणि म्हणाले, तिकडे आंघोळीला गरम पाणी मिळतं की नाही विचारून घे. तो माझ्याकडे बघायचं टाळत होता. निघायच्या आधीच्या रविवारी दिवसभराची बैठक होती. मी घरून निघताना ठरवलं की आज बोलायचं, सगळ्यांसमोर बोलायचं. वाक्यसुद्धा तयार केलं होतं. घरी चल, एक दिवसासाठी चल, बाबा काही बोलणार नाहीत. मेट्रोत मी ते ओठांतल्या ओठांत इतक्यांदा म्हटलं की शेजारची मुलगी सरकून बसली.

पण तिथं गेल्यावर नेहमीसारखंच झालं. ती शांतता मोडायची मला लाज वाटली. मुलगा जायला निघाला आहे आणि मला खोलीची लाज वाटते, ह्याचा मला इतका राग आला की श्वास एकच्याही पुढे जाईना. मी बसून होते. दुपारनंतर ऊन खिडकीतून तिरपं आत आलं आणि भिंतीवर काठीवाल्याची सावली दिसली. दीदींची नव्हती. उंच होती, डावीकडे किंचित झुकत चालणारी.

त्या दिवशी काठी त्याच्या हातात दिली होती.

सावली दोन जणांच्या मागून गेली, कुणी हात जोडले नाहीत. मग माझ्या भिंतीवर आली. मला नियम माहीत होता. आता अजाणतेपणी काही व्हायचं कारण नव्हतं. तरी माझे हात वर आले आणि जुळले. आमच्या घरात माणूस दुसऱ्यापुढे हात जोडतो तेव्हा त्याचा जो अर्थ होतो, त्याच अर्थानं मी जोडले होते. पाया पडते, जाऊ नको. मला दुसरं कुठलंही बोलणं येत नव्हतं.

सावली थांबली. खूप वेळ थांबली. तो पुढे गेला असता तर मला समजलं असतं की त्याला समजलं. काठी खाली ठेवली असती तर मी उठून त्याचा हात धरला असता. मग काठीचं टोक माझ्या खांद्यावर आलं आणि तिथं टेकून राहिलं. मी मान डावीकडे कलती केली, तसं करायचं असतं. काठी बसली. दीदी मारायच्या त्यापेक्षा जोरात. आवाज खोलीभर गेला.

मग काठी आडवी धरून तो वाकला. मला भिंतीवर त्याची मान वाकलेली दिसत होती. ती लवकर वर आली नाही. नाकानं श्वास ओढल्याचा आवाज आला, दाताचं इंजेक्शन घेताना तो रडू दाबून ओढायचा तसा. मीही वाकले, भिंतीपुढे. तो पुढे गेला.

मी रडले. भिंतीकडे तोंड असलं की रडायची सोय असते, कुणी बघत नाही, विचारत नाही. पदराचा बोळा नाकातोंडावर धरून मी आवाज दाबला. बैठक संपायच्या आधी सावली आणखी एकदा आली. तेव्हा मी तोंड पुसत होते. हात जोडायचं माझ्या लक्षातही आलं नाही. ती माझ्यामागे रेंगाळली असं मला वाटलं. पण रेंगाळली की ऊन उतरल्यानं लांब झाली, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. मग ती गेली.

संध्याकाळी तो फाटकापर्यंत आला.

मी म्हटलं, "जोरात मारलंस."

"हो."

"हळू मारलं असतंस तरी चाललं असतं. कुणी बघत नव्हतं."

तो चपलेच्या पट्ट्याशी खेळत होता. म्हणाला, "हळू मारलं असतं ना आई, तर तुझ्याबरोबर घरीच आलो असतो."

त्यानं माझा खांदा दोन बोटांनी दाबून बघितला आणि बर्फ लाव म्हणाला. मग मी रिक्षात बसले.

विमानतळावर हे आले. टॅक्सीत सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होते. मुलगा पाया पडला तेव्हा एवढंच म्हणाले, "आत स्वेटर घातलंयस ना?" तो आत गेला. काचेतून थोडा वेळ दिसत होता, मग गर्दीत डोक्यामागून डोकी आली आणि दिसेनासा झाला. शिपाई म्हणाला, आंटी, रस्ता सोडा.

मी रडले नाही, कारण माझ्या डोक्यात दुसरंच चालू झालं होतं आणि ते अजून थांबलेलं नाही. हळू मारलं असतं तर आलो असतो. म्हणजे तो काठावर होता. एवढ्याशा जोरानं त्यानं स्वतःला थोपवून धरलं होतं. आणि तो परत एकदा माझ्या मागून गेला होता. तेव्हा मी दुसऱ्यांदा हात जोडले असते तर? दुसऱ्यांदा त्याच्या हातून काठी उचलली गेली असती का? मी तोंड पुसत बसले. भाजी चिरताना, पाणी भरताना, झोपायला पडल्यावर, मी ते हात जोडून बघते. दर वेळी तो काठी खाली ठेवतो.

ह्यांना मी हे सांगितलं. ते पहिल्यांदा चिडले, काठी आणि खांदा ऐकून. मग म्हणाले, "तो जाणारच होता. तुझ्या हात जोडण्यानं काय झालं असतं." बहिणीला फोनवर सांगितलं, तीही तेच म्हणाली, आणि वर म्हणाली की वर्षभरात कंटाळून परत येईल बघ. मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, भाग्य आहे तुमचं, घरात साधू निपजला. सगळे माझ्या भल्यासाठीच बोलतात. ते बोलतात तेव्हा मी मान हलवते आणि मला आणखी एकटं वाटतं.

तो गेल्यावर काही रविवार मी गेले नाही. तिथं जाऊन आता कुणाला बघायचं. मग एका रविवारी गेले, नुसतं विचारायला. बैठक चालू होती, ती संपेपर्यंत जिन्यात बसले. दीदी खाली आल्या तेव्हा मी उभी राहिले आणि माझ्या तुटक्या हिंदीत सगळं सांगितलं. इतकं मी बाहेरच्या माणसाशी आयुष्यात बोलले नव्हते. कुठे अडलं तिथं मराठी घातलं. आणि विचारलं, दुसऱ्यांदा हात जोडले असते तर थांबला असता का तो?

मला वाटलं होतं त्या म्हणतील, असा विचार करू नका. नाहीतर म्हणतील, बसा, श्वास मोजा. त्यांनी जिन्याच्या कठड्याला हात टेकवला आणि विचार केला. खरंच विचार केला, दिसत होतं.

"हो सकता है," त्या म्हणाल्या. "हो सकता है, रुक जाता."

मी कठडा धरून खाली बसले. त्या माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. लोक चपला घालून आमच्या बाजूनं उतरून गेले.

मी अजून दर रविवारी जाते. मन शांत झालेलं नाही, आणि होईल असं तिथं कुणी सांगतही नाही. बाकी सगळीकडे मला समजावतात.